चार पायांचा दिवाण

गेल्या वर्षी घरात लग्नकार्य निघाले आणि बसायच्या खोलीत ठेवायला एक दिवाण घ्यावा असे ठरले. खालच्या पेटीत गाद्या-गिरद्या मावतील आणि वर एखादा पाहुणा झोपू शकेल, असा. दुकानदाराने पावती केली, ‘दिवाण, शिसवी, १ नग.’ पावती खिशात घालतो न घालतो तोच पुण्याहून भाचीचा फोन आला. ती नोकरीच्या गरजेपोटी स्पॅनिश शिकते आहे.

‘मामू, आज एक शब्द शिकवला. लिहायचा दिवान आणि म्हणायचा दिबान. अर्थ ऐका. एक, पाठ नसलेला लांबट कोच. दुसरा, तुर्कांच्या सुलतानाचं मंत्रिमंडळ. तिसरा, ते मंडळ जिथं भरायचं ती खोली. आणि चौथा, कवितांचा संग्रह. हे सगळं आपलंच की!’

खिशातल्या पावतीवरून मी उगाचच एकदा हात फिरवला. कोच, मंत्री, खोली आणि कविता यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न तिने मला टाकला आणि फोन ठेवला. गेले काही महिने मी त्या प्रश्नाच्या मागे आहे. जे हाती लागले ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आपल्या मराठीची झडती घेऊ. राजाचा मुख्य कारभारी तो दिवाण. पाहुण्यांना बसवायचे तो दिवाणखाना. जमीनजुमल्याचा, वाटणीचा, देण्याघेण्याचा खटला तो दिवाणी. जुन्या कागदपत्रांत ‘दिवाण’ म्हणजे सरसकट सरकार. सरकारात भरायच्या पट्टीला दिवाणदस्त म्हणत. उर्दू-फारसी कवीचा गझलसंग्रह तो दीवान. आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर बसून हिशेब लिहितो तो दिवाणजी.

हा शेवटचा माझ्या घरातला. माझे आजोबा शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानावर दिवाणजी होते. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांच्या काळात, १८९५ साली वसली आणि कोल्हापूरचा गूळ तिथून दूरवर जाऊ लागला. आजोबांचे खरे नाव गल्लीत फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ‘दिवाणजींचा नातू’ हीच माझी पहिली ओळख. घरात आम्ही दखनी बोलत होतो, नमाजात अरबी होती आणि आजोबांचा हिशेब मोडी मराठीत होता. यात कुणाला काही वेगळे वाटत नव्हते. मलाही नाही.

त्यांच्यापुढे दोन वह्या असत. एक कीर्द. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने तीत उतरायचे, कुणाचे किती रवे आले, तोलाई किती, हमाली किती, उचल किती. दुसरी खतावणी. रात्री कीर्दीतली प्रत्येक रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची. कीर्द दिवसाची आणि खतावणी माणसांची, असे ते सांगायचे. ही दुसरी वही ध्यानात ठेवा, तिच्याकडे मला परत यायचे आहे.

आता शब्दाच्या जन्माकडे वळू. याची एक गमतीदार कथा इब्न खल्दून या इतिहासकाराने चौदाव्या शतकात नोंदवून ठेवली आहे. त्याचा जन्म ट्युनिसचा, पण घराणे मूळ स्पेनमधल्या सेव्हिलचे. तो सांगतो, इराणचा बादशहा खुस्रो एकदा आपल्या हिशेबनिसांच्या दालनात गेला. पाहतो तो काय, सगळे तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटताहेत, बोटे मोडताहेत, जणू स्वतःशीच बोलताहेत. तो उद्गारला, ‘दीवाने!’ म्हणजे वेडे. त्यावरून त्या कचेरीचे नाव दीवान पडले. महिनाअखेरीस आजोबांचा हिशेब जुळत नसला म्हणजे ते कसे दिसायचे हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही कथा खोटी म्हणणे जड जाईल. पण ती खोटी आहे. भाषाशास्त्र ती मानत नाही.

खरे मूळ याहून रंजक आहे. प्राचीन सुमेर देशात मातीच्या ओल्या पाटीवर अक्षरे कोरत आणि त्या पाटीला ‘दुब’ म्हणत. हा शब्द शेजारच्या भाषांतून फिरत जुन्या फारसीत आला तो ‘दिपि’ होऊन. दिपि म्हणजे कोरलेला लेख. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दरायसने बेहिस्तूनच्या कड्यावर जो प्रचंड लेख कोरून घेतला, त्यात तो आपल्या लेखाला हाच शब्द वापरतो. दिपि लिहिणारा तो ‘दबीर’ आणि दिपि ठेवायचे घर ते ‘दीवान’. म्हणजे दीवान हे मुळात दप्तरखान्याचे नाव.

आणि ही दिपि पूर्वेकडेही आली. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या शिलालेखांत सम्राट अशोक आपल्या धर्मलेखाला ‘दिपि’ म्हणतो. तेच लेख इतर ठिकाणी कोरले तेव्हा तिथे शब्द आहे ‘लिपि’. पाणिनीच्या अष्टाध्यायीत लिपि आणि लिबि अशी दोन्ही रूपे आहेत. आपली लिपी त्या इराणी दिपिपासून आली असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर दिवाण आणि लिपी ही एकाच आजीची नातवंडे. एक तिकडे वाढले, एक इकडे.

इराणातून हा शब्द अरबांकडे गेला तो दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात, इ.स. ६४० च्या आसपास. बलाधुरी या इतिहासकाराने त्याची हकिगत दिली आहे. अबू हुरैरा बहरीनहून महसूल घेऊन आले आणि म्हणाले, पाच लाख दिरहम आणले आहेत. उमर यांचा विश्वासच बसेना. काय बोलतोस ते तुला कळते का, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले. एवढा पैसा वाटायचा कसा? तेव्हा कुणीतरी सुचवले, अजमी लोक नावांची वही ठेवतात, तिला दीवान म्हणतात. तशी वही झाली. कुणाला वर्षाला किती तनखा हे नावानिशी लिहिले गेले. लिहिणाऱ्यांनी उमर यांचे नाव वर घेतले, ते त्यांनी खाली आणवले आणि पैगंबरांच्या आप्तांपासून यादी सुरू करायला लावली.

त्या दप्तराची भाषा मात्र बरीच वर्षे जुनीच राहिली. इराकात फारसी, सिरियात ग्रीक. सातव्या शतकाच्या अखेरीस खलिफा अब्दुल मलिकने हुकूम काढून हिशेब अरबीत आणले. फारसी शब्द गेले, आकडे मांडायची रीत बदलली. ज्या वहीत हा सगळा बदल झाला तिचे नाव मात्र दीवानच राहिले.

अरबांबरोबर हा शब्द ७११ नंतर स्पेनमध्ये पोचला. बंदरावर उतरलेल्या मालाची जिथे नोंद व्हायची, जकात वसूल व्हायची, ती जागाही दीवानच. अरबीत नामाआधी ‘अल’ लागते आणि ‘द’पुढे त्याचा उच्चार ‘अद्’ होतो. अद्-दीवान बोलता बोलता झाले ‘आदुआना’. आजही स्पॅनिशमध्ये जकातनाक्याला, कस्टमला आदुआना म्हणतात. फ्रेंचांचा दुआन आणि इटालियनांचा दोगाना ही त्याचीच भावंडे. म्हणजे भाचीच्या वर्गात जो दिबान आला तो स्पॅनिशमध्ये पुष्कळ उशिरा, तुर्कांमार्फत शिरलेला. त्याचा थोरला भाऊ कितीतरी शतके आधीच बंदरावर पावत्या फाडत बसला होता.

१४९२ मध्ये ग्रॅनडा पडले. १५६७ मध्ये राजा दुसरा फिलिप याच्या फर्मानाने तिथल्या मुसलमान वंशाच्या लोकांना अरबी बोलायला, लिहायला बंदी झाली. अरबी कागद बाळगणेही गुन्हा ठरले. १६०९ पासून त्या लोकांनाच देशाबाहेर घालवण्यात आले. त्यांना घालवणाऱ्यांच्या जकातीच्या खात्याचे नाव तेव्हाही आदुआनाच होते. साखरेला ते ‘आसूकार’ म्हणत होते, तीही अरबांकडून आलेली आणि अरबांकडे आपल्या शर्करेवरून गेलेली. नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणत होते, तो मूळचा अल-काजी. भाषेवर बंदी आली तरी ज्या शब्दांवाचून सकाळ सुरू होत नव्हती त्यांना कुणी हात लावला नाही.

कोचाचा उलगडा सोपा आहे. तुर्की दीवानात, म्हणजे मंत्र्यांच्या सभेत, भिंतीलगत उंच बैठक असायची, तिच्यावर गाद्या-लोड. सभेचे नाव खोलीला लागले आणि खोलीचे बैठकीला. अठराव्या शतकात युरोपच्या श्रीमंत घरांत तशी आसने करायची टूम निघाली. माझी समजूत अशी आहे की आपला दिवाणखाना थेट फारसीतून आला आणि त्यात ठेवायचा दिवाण इंग्रजांच्या फर्निचरवाल्यांकडून, युरोपला वळसा घालून. एकाच घरातले हे दोघे किती शतकांनी भेटले!

दख्खनमध्ये दीवान आला तो सुलतानांच्या राज्यकारभाराबरोबर. आपला हा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत. सोळाव्या शतकात पहिल्या इब्राहीम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे गेले, असे फिरिश्ता लिहितो. मग १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांची फारसी पदनामे बदलली. मजमुदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनी करवून घेतला. नवे राज्य उभे करणाऱ्याला आपल्या भाषेची मुद्रा हवी असते आणि ती त्याने उमटवली यात मला गैर काही दिसत नाही. अब्दुल मलिकने तेच केले होते.

पण त्या यादीतले एक नाव माझे लक्ष वेधून घेते. डबीर. सोनोपंत डबीरांचे पद. त्याचे सुमंत झाले. हा डबीर म्हणजेच तो दबीर, दिपि लिहिणारा. दिवाणाचा सख्खा आणि लिपीचा लांबचा नातलग.

लोकांनी मात्र या यादीतले सोयीचे तेवढे घेतले. मुख्य प्रधान हा शब्द कागदावर राहिला, तोंडी पेशवाच बसला. आमच्या करवीर राज्यातले उदाहरण तर याहून बोलके. आज्ञापत्राचे कर्ते म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते रामचंद्रपंत अमात्य, बावड्याचे. पद संस्कृत, अमात्य. पण छत्रपती राजाराम महाराजांनी त्यांना जो किताब दिला तो ‘हुकुमतपनाह’. बावडेकरांच्या घराण्यात अमात्य आणि हुकुमतपनाह ही दोन्ही बिरुदे शेजारी शेजारी नांदली.

दिवाणी दाव्याचा उगमही याच दप्तरात आहे. मोगलांच्या सुभ्यात महसूल पाहणारा तो दिवाण आणि बंदोबस्त पाहणारा फौजदार वेगळा. १७६५ मध्ये शाह आलम बादशहाने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने दोन तऱ्हेची न्यायालये काढली. मालमत्तेचे तंटे दिवाणाकडे, म्हणून ती दिवाणी अदालत. मारामारी-चोरी फौजदाराकडे, म्हणून फौजदारी. अदालतीचे न्यायालय झाले तरी दिवाणी आणि फौजदारी तशाच आहेत. आजोबांनी लावलेला दिवाणी दावा नातू चालवतो, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात भर म्हणजे उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी कोल्हापूरकराला मुंबई गाठावी लागत असे. वकिलांच्या कितीतरी वर्षांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले.

राजाचा दिवाण मात्र संस्थानाबरोबर गेला. शाहू महाराजांचे दिवाण रघुनाथराव सबनीस. त्यांचे आडनावही एका फारसी हुद्द्याचे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात अण्णासाहेब लठ्ठे दिवाण झाले, ज्यांनी शाहू महाराजांचे चरित्र लिहिले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कोल्हापुरात ‘दिवाण’ म्हटल्यावर उठून उभे राहण्याची वेळ संपली. आता आपण त्यावर बसतो.

उरली कविता. नोंदवहीला दीवान म्हणतात, मग कवितांच्या वहीला का म्हणू नये, इतके ते साधे आहे. अरबांत तर कविता हीच आमची नोंदवही असे म्हणत, कारण लढाया, वंशावळी, उपकार आणि अपमान सारे तिच्यातच जपलेले. पण फारसी-उर्दू दीवानाची आणखी एक रीत आहे. त्यात गझला लिहिल्या त्या क्रमाने येत नाहीत. शेराच्या शेवटी कोणते अक्षर आहे ते पाहून वर्णमालेच्या क्रमाने लावतात. अलिफने संपणाऱ्या आधी, मग बे, मग पे. विशीत लिहिलेली गझल आणि म्हातारपणी लिहिलेली गझल शेवटचे अक्षर एक असेल तर शेजारी शेजारी येतात. मला हे कळले तेव्हा आजोबा आठवले. ही खतावणीच की! कवी आयुष्यभर कीर्द लिहितो आणि शेवटी ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडतो.

आपल्याच औरंगाबादचा वली हा असा दीवानवाला कवी. सुमारे १७२० मध्ये त्याचा दीवान दिल्लीत पोचला आणि फारसीत लिहिणारे तिथले कवी चकित झाले. आपल्या बोलीतही असे लिहिता येते, हे दिल्लीला दख्खनने दाखवले.

आणि आता १९३० नंतरची तीन-चार वर्षे. ग्रॅनडाजवळ तामारित नावाचा एक मळा होता, फेदेरिको गार्सिया लोर्का या कवीच्या नातलगांचा. लोर्काने १९३१ ते ३४ या काळात काही कविता लिहिल्या. त्यांतल्या काहींना नाव दिले ‘गासेला’, म्हणजे गझल, आणि काहींना ‘कासिदा’, म्हणजे कसीदा. स्पॅनिशमध्ये गासेला म्हणजे हरिणीही होते. संग्रहाचे नाव, ‘तामारितचा दिवान’. १९३६ च्या ऑगस्टमध्ये, यादवी युद्ध पेटताच, त्याला गोळ्या घालून मारले. संग्रह १९४० मध्ये निघाला, तोही देशाबाहेर. गझलेचे सारे नियम त्याने पाळलेले नाहीत. पण ज्या शहरात अरबी कागद बाळगणे एकेकाळी गुन्हा होते, तिथल्या कवीने आपल्या पुस्तकाला आपण होऊन अरबांचे नाव दिले.

त्याच सुमारास, १९३३ मध्ये, मराठीत ‘गज्जलांजलि’ आली. कवी माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, तेव्हा आमच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. हे कॉलेज त्या काळी भवानी मंडपाजवळच्या दगडी इमारतीत भरे. तिकडे ग्रॅनडात गासेला आणि इकडे अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर गज्जल. दोघांना एकमेकांची काही खबर असल्याचे दिसत नाही.

माधवराव फारसीचे पंडित. १९२५ मध्ये त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. आणि याच माधवरावांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. मराठीतले फारसी-अरबी शब्द काढून टाकावेत या पक्षाचे ते खंदे पुरस्कर्ते झाले आणि स्वतःच्या जुन्या कवितांतलेही असे काही शब्द त्यांनी बदलून टाकले. ज्याने एकेक शब्द वेचून कोशात ठेवला, त्यानेच नंतर त्यांना दार दाखवले. मला त्यांच्यावर राग धरवत नाही. माझ्या टेबलावर अजूनही त्यांचाच कोश असतो. पण गझल ठेवायची आणि गझलेचे शब्द काढायचे, हे गणित त्यांनी मनाशी कसे जुळवले असेल, हे मला कधी उमगलेले नाही.

हे सांगायचे कारण आहे. तीस वर्षांच्या माझ्या मराठी गझला आता एकत्र करतो आहे. पुस्तकाचे नाव ‘दिवाण’ ठेवावे असे मनात होते. एका वडीलधाऱ्या हितचिंतकांना मी ते बोललो. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी मायेने सांगितले, ‘तुम्ही लिहिता छान. पण हे नाव नको. लोकांना एक तर फर्निचर वाटेल, नाही तर उर्दू. मी फक्त शुद्ध मराठी नावाचीच शिफारस करीन. शेवटी पुस्तक बाजारात खपायला हवं ना?’

फक्त, शिफारस, बाजार. तीन बोटे मी मांडीवर ठेवल्या ठेवल्याच मोजली. वयाने मोठ्या माणसाला असे तोंडावर म्हणू नये, अशी आमच्या घरची शिकवण आहे. चहा घेऊन मी उठलो.

घरी येऊन दिवाणाची पेटी उघडली. गाद्यांखाली आजोबांची एक खतावणी आहे. पेढी बंद झाली तेव्हा मालकांनी ती आठवण म्हणून अब्बांकडे दिली होती. मोडी मी चाळिशीनंतर एका निवृत्त गुरुजींकडून शिकलो, ती या एका वहीपायी. तिच्याशेजारी माझ्या गझलांच्या वह्या. आता मीही खातेवारी लावायला घेतली आहे, बाराखडीच्या क्रमाने. ‘न’ भरून गेला आहे, ‘त’ आणि ‘र’लाही तोटा नाही. अडलो आहे तो ‘ळ’पाशी. हे खाते फारसी दीवानात नसते. अरबीत हे अक्षर नाही, स्पॅनिशमध्ये नाही, आमच्या घरच्या दखनीतही नाही. ते मी गल्लीत खेळताना शिकलो. गूळ, ढवळ, वादळ, आभाळ. त्या पानावर सध्या तीनच गझला आहेत.